कॉरा, तो आवाज तुझा नव्हता

कॉरा,

काल तुला पुरलं, आणि त्याआधी पुन्हा तेच गाणं लावलं.

रास अल खैमाच्या त्या लहानशा चर्चमध्ये आम्ही अकरा माणसं होतो. पाद्रीबाबांनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, "आता कॉराला तिच्याच आवाजात ऐकू या." खिडकीत ठेवलेल्या सीडी प्लेअरमधून व्हायोलिनं वाजली आणि मग तो आवाज आला. उंच, स्वच्छ, कुठेही ओरखडा नसलेला. शेवटची दोन वर्षं जिने तुला सांभाळलं ती फिलिपिनो नर्स हुंदके देऊन रडायला लागली. तो आवाज तुझा नाही हे त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होतं. मी पर्स मांडीवर घट्ट धरली आणि गाणं संपेपर्यंत गप्प बसले. संपल्यावर लोकांनी माझा हात हातात घेतला. "तुम्ही तिच्या फार जवळच्या होतात ना?" एकीने विचारलं. मी "हो" म्हटलं.

हे मी मराठीत लिहिते आहे. तू असतीस तर ओरडली असतीस, "केळकर, माझ्यामागे माझ्याविषयी लिहितेस, तेही मला न कळणाऱ्या भाषेत?" हो, तसंच लिहिते आहे. हे टोरांटोला माझ्या नातवंडांकडे जायचं आहे. इरा तुझी विद्यार्थिनी होती. निषाद तुझ्याकडे फक्त बिस्किटं खायला यायचा. निषादला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून सोपं लिहिते. तुझ्या देशातल्या एखाद्या वर्तमानपत्राने दोन बोटं जागा दिली असेल, तर तिथे तुझ्या सिनेमांची आणि नवऱ्यांची यादी येईल. त्या यादीत जे येणार नाही तेवढंच मला इथे सांगायचं आहे.

अल मनखूलमधल्या आमच्या इमारतीत तू दुसऱ्या मजल्यावर आणि आम्ही चौथ्यावर. मुलगा-सून दोघंही नोकरीला, म्हणून मुलांना सांभाळायला मी पुण्याहून आले होते. तुझ्या दारावर पाटी होती, 'गायनाचे धडे, शुक्रवारी सकाळी'. सून म्हणाली, "आई, खाली एक अमेरिकन म्हातारी आहे, इराला पाठवू या का? निदान टीव्हीसमोरून उठेल." मी इराला घेऊन खाली आले. तू दार उघडलंस. अंगात गुडघ्यापर्यंतचा पुरुषी शर्ट, ओठांना मात्र व्यवस्थित लिपस्टिक. मी तुझ्याकडे बघतच राहिले.

"तुम्ही त्या दीपगृहाच्या..." माझ्या तोंडून निघालं.

"बाई गं," तू म्हणालीस, "या वाळवंटातही सापडले मी."

कॉलेजात असताना मी तुझा तो सिनेमा मुंबईला मॅटिनीला तीनदा पाहिला होता. तिन्ही वेळा तर्कशास्त्राच्या तासाला दांडी मारून. आयुष्यात मी तेवढ्याच दांड्या मारल्या. दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी गोल जिन्यावर उभी राहून गाते, खाली समुद्र, आणि बोट निघून गेलेली. मला इंग्रजी गाण्यांतलं काही कळत नव्हतं, पण तो आवाज मी घरी घेऊन आले. लग्नानंतर स्वयंपाक करताना मी ते गाणं गुणगुणायचे. सासूबाई विचारायच्या, "हे कुठलं गं स्तोत्र?" हे तुला सांगितलं तेव्हा तू खोखो हसलीस. नंतर मात्र थोडा वेळ काहीच बोलली नाहीस. तुझं ते गप्प होणं मला तेव्हा समजलं नाही.

तुझा तिसरा नवरा तेलाच्या कंपनीत इंजिनियर होता. त्याच्याबरोबर तू आखातात आलीस, तो इथेच गेला, आणि तू परत गेली नाहीस. त्याच्या जुन्या अरबी भागीदाराने तुझा व्हिसा चालू ठेवला. "तिकडे मी 'एकेकाळची' आहे," तू म्हणायचीस. "इथे मी फक्त दोनशे दोन नंबरची मॅडम आहे. बरं पडतं." वीस वर्षांत अरबी शब्द चारच शिकलीस, आणि त्यातला एक सारखा वापरायचीस. धडा संपला की टाळी वाजवून, "खलास!" माझी पोरंही जेवण झालं की टाळी वाजवायला लागली.

मला तू पहिल्यापासून केळकर म्हणालीस, शाळेत मुलग्यांना हाक मारतात तशी. माझं नाव सुमती आहे हे तुला माहीत होतं. माझ्या यजमानांनीही मला कधी आडनावाने हाक मारली नव्हती. पण मला ते आवडायचं. सुमती असले की मी कुणाची तरी आई, आजी, सासू. केळकर म्हणजे नुसती मी.

तुझ्या आठवणी लिहून काढायची कल्पना माझी. तुला ते मान्य नव्हतं. "कोण वाचणार?" तू म्हणालीस. मी म्हटलं, "मी वाचणार." मग दर गुरुवारी दहा ते बारा. मुलाचा जुना कॉम्प्युटर मी खाली तुझ्या टेबलावर आणून ठेवला. तू खिडकीशी उभी राहून बोलायचीस आणि मी टाइप करायचे. सव्वादोन वर्षं.

काय भांडलो आपण! तू सुरुवात करायचीस दुसऱ्या नवऱ्याच्या कुत्र्यापासून, मग एकदम तुझ्या वडिलांच्या चर्चमधल्या ऑर्गनवर जायचीस, तिथून घटस्फोटाच्या कोर्टात. मी म्हणायचे, "आधी जन्म. मग शाळा. मग रेडिओ." तू म्हणायचीस, "केळकर, आयुष्य काय टाइमटेबल आहे?" मी तुझं सगळं बोलणं कापून, चिकटवून प्रकरणं पाडायचे. एकदा रागावून तू म्हणालीस, "हे वाचून वाटतं मी फार शहाणी बाई होते." मी म्हटलं, "मग चांगलंच आहे की."

त्या गुरुवारांमुळे मला कळलं की पडद्यावरची ती मुलगी कशी घडवली होती. तू मक्याच्या शेतांच्या मुलखातली. पंधराव्या वर्षी गावच्या रेडिओवर गायला लागलीस. आवाज जाडसर, खालच्या पट्टीतला. लोक पत्र लिहून विचारायचे, ही बाई आहे की मुलगा? अठराव्या वर्षी कुणीतरी कॅलिफोर्नियाला नेलं. सात वर्षांचा करार. तिथे त्यांनी तुझं नाव बदललं. दाढा काढल्या, गाल बसावेत म्हणून. कपाळावरचे केस मुळापासून उपटले, दर आठवड्याला, कपाळ मोठं दिसावं म्हणून. "आणि मी थँक यू म्हणायचे," तू म्हणालीस. सहा सिनेमांत तू नायिकेची मैत्रीण झालीस. मैत्रिणीला एक गाणं असायचं, ते तूच गायचीस, कारण मैत्रिणीचा आवाज कसाही चालतो. मग एका नायिकेने भांडून सिनेमा सोडला आणि ती भूमिका तुझ्याकडे आली. दीपगृहाची मुलगी.

ती गोष्ट तू मला सांगितलीस तो गुरुवार मी विसरत नाही. खाली गॅस सिलिंडरवाला घंटा वाजवत होता. तू खिडकीकडे तोंड करून म्हणालीस, "टाइप कर. जिन्यावरचं गाणं मी गायलेलं नाही."

माझी बोटं थांबली.

"टाइप कर, केळकर. स्टुडिओच्या साहेबाने माझं रेकॉर्डिंग ऐकलं. म्हणाला, चेहरा मधाचा आहे आणि आवाज चिमणीतल्या धुराचा. दुसरी मुलगी आणली. तिने गायलं, मी ओठ हलवले. करारात लिहून घेतलं की दोघींनी कुठेही बोलायचं नाही. ती मागच्या दाराने यायची. चांगली मुलगी होती. मला एकदा खोकल्याची गोळी दिली होती तिने."

"पण मी तीन वेळा..." मी म्हटलं.

"सगळ्यांनीच," तू म्हणालीस. "त्यानंतर दहा वर्षं मी नाइट क्लबांत गायले. प्रत्येक रात्री कुणीतरी ओरडायचं, जिन्यावरचं म्हणा! मी म्हणायचे, बँडकडे नोटेशन नाही. प्रत्येक रात्री. मग मी गाणंच सोडलं."

मी टाइप केलं. घरी येऊन मी रडले, आणि खरं सांगते, तुझ्यासाठी नाही. मला फसवल्यासारखं वाटलं. चाळीस वर्षं मी जिचं गाणं स्वयंपाकघरात गुणगुणले ती तू नव्हतीस. ती खोकल्याची गोळी देणारी कुणीतरी होती. नावही माहीत नसलेली.

हे सगळं मी कडू होऊन लिहिते आहे, म्हणून एक गोष्ट आधी नोंदवते. पुण्याला माझी धाकटी बहीण गेली तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या नूतनीकरणासाठी गेलेला होता. मला जाता येईना. मुलगा ऑफिसांतून फोन करत होता, "इन्शाल्ला, उद्या" असं उत्तर येत होतं. मी घरात येरझाऱ्या घालत होते. येणाऱ्या प्रत्येकीने मला काहीतरी सांगितलं. देवाची इच्छा, सुटली बिचारी, तुम्ही धीर धरा. तू वर आलीस, स्वयंपाकघरातले मटार घेतलेस आणि सोलत बसलीस. सकाळी दहापासून दिवे लागेपर्यंत. दाणे जमिनीवर, सालं भांड्यात. एक शब्द बोलली नाहीस. त्या दिवशी मला ज्याची गरज होती ते फक्त तू दिलंस. तुझ्याइतकं गप्प बसता येणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आता तो कार्यक्रम.

आमच्या मराठी मंडळाचं वार्षिक संमेलन हॉटेलच्या हॉलमध्ये व्हायचं होतं. सांस्कृतिक समितीची जबाबदारी माझ्याकडे. विषय ठरला जुने सिनेमे. मी तुला सहज म्हटलं, "तू एखादं गाशील?" तू नेहमीसारखं नाही म्हणशील अशी माझी खात्री होती.

तू म्हणालीस, "जिन्यावरचं गाईन."

मी हातातली यादी खाली ठेवली.

"तुझ्या त्या मावश्या-काकूंपैकी किती जणींना तो सिनेमा माहीत असेल? दोघी? म्हणूनच. स्टुडिओ बंद पडला. करार करणारे मेले. मी बाहत्तर वर्षांची आहे. मरायच्या आधी ते गाणं मला एकदा माझ्या गळ्याने म्हणायचं आहे, केळकर. माणसांसमोर. एकदा. बस."

इतकं स्पष्ट तू सांगितलं होतंस. तेव्हा कुणी असं म्हणू नये की मला कल्पना नव्हती.

हॉलमध्ये पियानो नव्हता, म्हणून एका गोव्याच्या वादकाकडून तू नुसत्या साथीची कॅसेट भरून घेतलीस, मूळ गाण्यापेक्षा बरीच खालच्या पट्टीत. दीड महिना इराला समोर बसवून सराव केलास. मला खोलीत येऊ दिलं नाहीस. मी जिन्यात उभी राहून ऐकायचे. दारातून फक्त तुझा खोकला यायचा.

हॉलवर ध्वनियोजनेला सुरेश होता, राजापूरकडचा. दिवसा बांधकामाच्या साइटवर, सुट्टीच्या दिवशी कार्यक्रमांचे स्पीकर. मंडळाचं त्याच्यावाचून पान हलत नसे. सकाळी त्याने तुझा खोकला ऐकला आणि मला बाजूला घेतलं.

"काकू, ह्या बाईंचा दम पुरायचा नाय."

"पुरेल. सराव केलाय त्यांनी."

"तसं नाय. आपण नेहमी करतो तसं करू. मूळ कॅसेट हाय ना तुमच्याकडं? दुसऱ्या डेकवर लावून ठेवतो. बाई अडकल्या की तुम्ही विंगेतनं हात करा, मी ती वर घेतो. कोणाला कळत नाय. गेल्या वर्षी सेक्रेटरीसाहेबांचं भावगीत काय त्यांनी स्वतः म्हटलं काय?"

हे खरं होतं. सेक्रेटरीसाहेबांचंच नाही, निम्म्या कार्यक्रमाचं हेच असायचं. आमच्याकडे त्याला ट्रॅक लावणं म्हणतात आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. ऑफिसातून थकून आलेली हौशी माणसं, त्यांची फजिती होऊ नये म्हणून केलेली सोय. मी पर्समधून मूळ गाण्याची कॅसेट काढून सुरेशला दिली. ती माझ्या पर्समध्ये का होती, हे तू मला कधी विचारलं नाहीस.

तू सगळ्यात शेवटी आलीस. निळा झगा, हातात काही नाही. मी विंगेत हातातली यादी घेऊन उभी. साथीची कॅसेट सुरू झाली आणि तू गायला लागलीस.

कॉरा, मला तो आवाज आवडला नाही. हे मी आठ वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. तो जाड होता, खरखरीत होता. शब्द बोलल्यासारखे येत होते. मधल्या रांगेत कुजबुज झाली. मागच्या बाजूला कॉलेजातल्या मुलींचं हसू फुटलं. मला तुझी लाज वाटली, आणि तुझी लाज वाटली याची मला लाज वाटली. पहिलं कडवं संपलं. साथ वाजत होती. तू दुसरं कडवं सुरू केलं नाहीस. तू नुसती उभी. डोळे मिटलेले. हॉल एकदम शांत झाला. मला वाटलं, संपलं. दम गेला. आता ही कोसळेल, दोनशे माणसांपुढे.

मी हात वर केला.

व्हायोलिनं धबधब्यासारखी आली आणि त्यावर तो उंच, स्वच्छ आवाज. तू डोळे उघडलेस. क्षणभर विंगेकडे, माझ्याकडे पाहिलंस. नंतर हॉलकडे वळलीस आणि ओठ हलवायला लागलीस. एकही श्वास चुकला नाही. चाळीसएक वर्षांनंतरही तुला त्या मुलीचा प्रत्येक श्वास पाठ होता. एक हात कठड्यावर ठेवल्यासारखा हवेत ठेवलास आणि शेवटच्या ओळीला मान वळवलीस, अगदी सिनेमातल्यासारखी. लोक उभे राहिले. "वन्स मोअर!" माझ्या अंगावर काटा आला होता. हेही लिहूनच ठेवते, आनंदाने आला होता. माझं मॅटिनीतलं गाणं माझ्यासमोर घडत होतं.

"काकू, या वयात असा आवाज!" एकजण धावत आली. "आमच्या सासूबाईंना जिना चढताना धाप लागते."

"केळकर काकूंच्या मैत्रिणीने धमालच केली हं."

सुरेशने लांबून अंगठा दाखवला.

मी मागच्या खोलीत आले. तू आरशासमोर बसून लिपस्टिक पुसत होतीस. मी काही बोलायच्या आत तू म्हणालीस, "छान झाला कार्यक्रम. अगदी वेळेत संपवलास."

तेवढंच.

परतताना गाडीत अकरा वर्षांची इरा काचेला तोंड लावून बसली होती. मी म्हटलं, "कॉरा आंटी किती छान गायली नाही?" ती म्हणाली, "दॅट वॉजंट हर, आजी." सून म्हणाली, "असं बोलू नये, इरा."  इराने पुढच्या शुक्रवारपासून गाण्याला जाणं सोडलं. मी तिला कारण विचारलं नाही. मला भीती वाटली की ती सांगेल.

पुढच्या गुरुवारी दहा वाजता मी खाली आले. तू दार उघडलंस, दारातच उभी राहिलीस. म्हणालीस, डोकं दुखतंय. त्याच्या पुढच्या गुरुवारी पाहुणे होते. तिसऱ्या गुरुवारी तू टाइप केलेल्या कागदांचा गठ्ठा मागून घेतलास, वाचायचा आहे म्हणून. दोन महिन्यांत तू घर सोडून रास अल खैमाला गेलीस. समुद्र हवा, म्हणालीस. इमारतीच्या नातूरने, म्हणजे रखवालदाराने, तुझं सामान टेंपोत चढवलं. मी वरून, खिडकीतून पाहत होते. उतरून आले नाही.

तू माझ्यावर ओरडायला हवं होतंस. मला त्याची सवय होती. प्रकरणांवरून, स्वल्पविरामांवरून, निषादला तिसरं बिस्किट द्यावं की नाही यावरून तू माझ्याशी भांडलीस. आणि आयुष्यातल्या एकमेव मोठ्या गोष्टीवरून मात्र तू सभ्यपणे वागलीस. त्या सभ्यपणाचा मला राग आहे. तुझ्या स्टुडिओच्या साहेबालाही तू थँक यूच म्हणाली होतीस. मला तू त्याच्या रांगेत बसवलंस.

मी दोन वर्षांनी तुला भेटायला आले होते. सिमेंटच्या कारखान्यांची धूळ खात, मुलाच्या गाडीतून. मुलगा टोरांटोला जायच्या तयारीत होता आणि मी धाकट्या मुलाकडे इथेच राहणार होते. वाटेत मी उत्तर घोकत होते. 'कॉरा, तू अडकली होतीस. तुझा दम संपला होता. मी तुला हसं होण्यापासून वाचवलं. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?' इतकं बिनतोड उत्तर. तू चहा केलास. माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीस. समुद्रपक्ष्यांविषयी बोललीस. मी सुरुवात केली, "त्या दिवशी तू थांबलीस तेव्हा..."

"बिस्किट?" तू विचारलंस, आणि बशी पुढे केलीस.

मी बिस्किट घेतलं. अशी आपली शेवटची भेट.

काल चर्चमधून निघताना मी पाद्रीबाबांना तुझ्या कागदांविषयी विचारलं. ते म्हणाले, कपडे आणि औषधं सोडून काही सापडलं नाही. तो जुना कॉम्प्युटर तर केव्हाच भंगारात गेला. म्हणजे सव्वादोन वर्षांचे माझे गुरुवारही तू टाकून दिलेस. तुझ्या आयुष्याविषयी खरं सांगणारा एकच कागद होता, आणि तो मी टाइप केलेला होता. कदाचित म्हणूनच टाकलास.

आज सकाळी मी टोरांटोला फोन केला. इरा आता एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजात आहे. मी तिला सांगितलं, कॉरा आंटी गेली. तिने खोलीचं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "डिड दे प्ले दॅट साँग?"

मी हो म्हटलं.

"आणि तू काही बोलली नाहीस."

ती मराठीत बोलली म्हणून मला आणखी लागलं. मी म्हटलं, "इरा, तुला माहीत नाही. त्या दिवशी तिचा दम संपला होता. ती मध्येच थांबली. मी काय करायला हवं होतं?" आठ वर्षं घोकलेलं उत्तर मी अखेर कुणाला तरी दिलं.

"आजी," इरा म्हणाली, "ती थांबली नव्हती. तो पॉज होता."

"कसला?"

"तिने ठेवलेला. पहिल्या कडव्यानंतर. साथीच्या कॅसेटमध्येही तिथे तेवढी नुसती साथ जास्त भरून घेतली होती. ती म्हणायची, रेकॉर्डवरची मुलगी तिथे घाईघाईने पुढे जाते, कारण तिला तसं सांगितलं होतं. बोट निघून गेलीय, आता गायची घाई कशाला? तिथे गप्प उभं राहायचं आणि मग दुसरं कडवं. तिला सगळ्यात जास्त त्याचीच प्रॅक्टिस करायची असायची. माझा हात तिच्या पोटावर ठेवायची. म्हणायची, बघ, श्वास आत आहे, संपलेला नाही. आठ मोजायचे. मी पहिल्या रांगेत बसून मोजत होते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू पाचाला हात केलास, आजी."

तिला मी विचारलं, कॉरा माझ्याविषयी काही म्हणाली होती का? इरा म्हणाली, कार्यक्रम संपल्यावर ती स्वतः मागे पळत गेली होती, तुझ्याकडे, माझ्याही आधी. तू तिला म्हणालीस, "तुझ्या आजीला काही सांगू नकोस. तिला वाटतंय तिने मला वाचवलं. वाटू दे." आणि पोरीने आठ वर्षं ते पाळलं.

कॉरा, हे काय केलंस? मला अंधारात ठेवून माझ्यावर उपकार करायचा अधिकार तुला कुणी दिला? मी भांडले असते, रडले असते, तुझ्या दारात बसून राहिले असते. दुसरा हॉल घेतला असता, पाच माणसांपुढे, एकट्या इरापुढे, कुठेही तुला ते गाणं म्हणायला लावलं असतं. निदान आपण दोघी एकमेकींना ओरडलो असतो. तू ती संधी मला दिली नाहीस.

इरा आणि निषाद, हे वाचाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा. त्या सीडीवर जी गाते ती कॉरा नाही. कॉराचा आवाज जाड होता, खरखरीत होता, आणि त्या गाण्यातलं एकच कडवं तिने आयुष्यात माणसांसमोर म्हटलं. दुसरं तुमच्या आजीने म्हणू दिलं नाही.

फोन ठेवल्यावर मी जेवणाच्या टेबलाशी बसले आणि मोजून पाहिलं. एक ते पाच. मग सहा, सात, आठ. पाचापासून आठापर्यंत काहीच वेळ लागत नाही, कॉरा. तेवढा मी तुला दिला नाही.